गांडूळ न कापता आतून कसे पाहावे

गांडुळाची रचना बघायची म्हटले की लोक आधी ब्लेड शोधतात. ब्लेड राहू द्या. जिवंत गांडुळात भिंगातून वाहते रक्त दिसते, ते मेलेल्यात कुठून दिसणार?

१. फिकट त्वचेचे, अंगावर जाडसर पट्टा असलेले गांडूळ घ्या. पट्टा नसेल तर ते अजून वयात आलेले नाही, सोडून द्या.

२. हात ओले करून साध्या पाण्यात हलकेच धुवा.

३. तोंड ओळखा. ‘जाड टोक म्हणजे तोंड’ हा सल्ला कुचकामी आहे. गांडूळ अंग आवळते नि सैल सोडते, जाडी सारखी बदलते. पट्टा ज्या टोकाला जवळ, तिकडे तोंड. फेरेटिमा नावाच्या गांडुळांत तो तोंडाकडून मोजल्यास १४ ते १६ या खंडांवर (अंगावरच्या कड्यांवर) असतो, लुम्ब्रिकस टेरेस्ट्रिस या दुसऱ्या जातीत साधारण ३२ ते ३७. गडद बाजू ती पाठ.

४. आता ते स्थिर ठेवायचे, आणि सगळे अडते ते इथेच. मी सुरुवातीला कोरड्या टिपकागदावर ठेवून वर टेबललॅम्प लावायचो. वळवळले की बोटाने दाबायचो. थोड्या वेळाने ते निपचित पडले, की मला वाटायचे, शांत झाले. ते मरत होते. गांडुळाला फुप्फुसे नाहीत. प्राणवायू ओल्या त्वचेतूनच आत जातो. त्वचा सुकली की श्वास संपला.

शिवाय दिवा हेच पळण्याचे कारण. त्याला डोळे नसले तरी त्वचेत प्रकाश जाणवणाऱ्या पेशी असतात, आणि तोंडाकडे त्या जास्त. लाल उजेड मात्र त्याला फारसा जाणवत नाही, म्हणून टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावा असे सांगतात. मीही लावला. लाल उजेडात लाल रक्तवाहिनी दिसत नाही, हे तिसऱ्या खेपेला डोक्यात शिरले!

तेव्हा असे करा. गांडुळापेक्षा किंचित रुंद, दोन्हीकडून उघडी काचनळी घ्या, आत पाण्याचे चार थेंब सोडा. लाल उजेडात त्याला आत सरकू द्या. अंगाला चहूकडून काच टेकली की ते बरेच थंडावते. मग तोंडाकडच्या भागावर ओला काळा कागद गुंडाळा आणि मागच्या भागाखालून मंद पांढरा उजेड द्या. दोन-तीन मिनिटे, बस. वळवळ थांबवायला मीठ किंवा स्पिरिट टाका म्हणणाऱ्याचे अजिबात ऐकू नका.

५. पाठीच्या मध्यरेषेवर भिंग धरा. लालसर रेघ दिसेल, ती पृष्ठ रक्तवाहिनी. आवळण्याची लाट शेपटीकडून तोंडाकडे जाताना दिसते. हिमोग्लोबिन इथे पेशींत नसते, रक्तद्रवातच विरघळलेले असते. ‘गांडुळाला पाच हृदये’ हे वाक्यही जपूनच घ्या. पाठीची नि पोटाची वाहिनी जोडणाऱ्या, धडधडणाऱ्या नळ्यांच्या त्या जोड्या आहेत. लुम्ब्रिकसमध्ये पाच, फेरेटिमात चार. काळ्या कागदाखाली असल्याने त्या इथे दिसणार नाहीत.

६. नळीतून काढल्यावर ओले बोट पोटाच्या बाजूने शेपटीकडून तोंडाकडे फिरवा. खरखर लागते ते दृढरोम, म्हणजे बारीक ताठ केस. हेच मातीत रोवून ते पुढे सरकते.

आणि मधोमध कापून दोन गांडुळे होतात का, हे कृपया करून पाहू नका. होत नाहीत. फार तर पुढच्या तुकड्याला नवी शेपटी फुटते.

सावलीतल्या ओल्या मातीवर ठेवा. आपले आपण खाली जाईल.