पर्यावरणीय आरोग्यावरील पथदर्शी संशोधन : निधी मागताना आणि देताना या चुका टाळा

कोल्हापूर जिल्ह्यात पर्यावरणीय आरोग्याच्या प्रश्नांची वानवा नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रींमधील (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांतील) सिलिकाची धूळ, इचलकरंजीच्या यंत्रमागांचा आवाज आणि कापसाचे तंतू, पंचगंगेचे पाणी, गुऱ्हाळांचा धूर, आणि बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला येणाऱ्या टोळ्यांचे फडातले व कोप्यांतले (झोपड्यांतले) जगणे, यांतल्या प्रत्येक विषयावर मोठा अभ्यास उभा राहू शकतो. त्याआधीच्या छोट्या, पथदर्शी अभ्यासाचे, म्हणजे मोठा अभ्यास इथे जमेल का हे आजमावणाऱ्या चाचणीचे, प्रस्ताव मात्र बहुधा त्याच त्या कारणांनी नाकारले जातात, किंवा मंजूर होऊन मध्येच अडकतात.

सर्वांत महागात पडणारी चूक उद्दिष्टाच्या पहिल्याच वाक्यात असते. ‘फौंड्री कामगारांतील सिलिकोसिसचे प्रमाण शोधणे’ असे लिहून ४० कामगार आणि एक वर्षाची मुदत मागितली जाते. सिलिकोसिस हा सिलिकाच्या धुळीने होणारा फुफ्फुसांचा आजार; त्याचा नेहमीचा, हळूहळू वाढणारा प्रकार साधारणपणे दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ धूळ छातीत गेल्यावर दिसतो, त्यामुळे नव्या, तरुण कामगारांच्या क्ष-किरण तपासणीत काही आढळले नाही म्हणून कारखाना सुरक्षित ठरत नाही. शिवाय हा आजार कायद्याने कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत असल्याने मालक व कामगार दोघेही तपासणीला बिचकतात. कामगार पाळीच्या वेळी हवेचा नमुना घेणारा पंप अंगावर बांधून घेतील का, व्यवस्थापन आत येऊ देईल का, जुने कामगार सोडून गेले असतील तर त्यांचा माग लागेल का, हे प्रश्न पथदर्शी अभ्यासाच्या आवाक्यातले आहेत, आणि निधी त्यांच्यासाठीच मागावा.

नमुन्याच्या आकाराबद्दलही हेच. ३० पैकी २४ जण अखेरपर्यंत टिकले तर प्रमाण ८० टक्के दिसते, पण ९५ टक्के विश्वासाने बोलायचे तर खरे प्रमाण साधारण ६३ ते ९० टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. शंभरातल्या पाच जणांना येणारी अडचण किमान एकदा तरी नजरेस पडावी याची ९५ टक्के खात्री हवी असेल, तर ५९ जण घ्यावे लागतात. असा एखादा हिशेब प्रस्तावात मांडला की ‘इतकेच का?’ आणि ‘इतके कशाला?’ या दोन्ही प्रश्नांना उत्तर मिळते.

दुसरी चूक दिनदर्शिकेची आहे आणि तिच्यात अर्जदाराइतकाच निधी देणाराही वाटेकरी असतो. ऊसतोड टोळ्या गळीत हंगामाबरोबर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. मंजुरीचे पत्र जानेवारीत आले, पैसे फेब्रुवारीच्या अखेरीस जमा झाले आणि ३१ मार्चपर्यंतच्या खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र मागितले गेले, तर संशोधकाच्या हाती यंत्रे खरेदी करण्यापलीकडे काहीच उरत नाही. यंत्रे कपाटात राहतात आणि माणसे गावी गेलेली असतात. म्हणून पहिला हप्ता ऑगस्टपर्यंत मिळावा असे अर्जातच स्पष्ट लिहावे, आणि उशीर झाल्यास मुदत पुढच्या हंगामापर्यंत विनाखर्च वाढवण्याची अट करारात आधीच घालून घ्यावी. पैसे उशिरा आलेच, तर त्या हंगामात प्रश्नावलीची चाचणी आणि मुकादमांशी (टोळीप्रमुखांशी) ओळख एवढेच करावे. उरलेल्या तीन आठवड्यांत ६० मुलाखती उरकण्याचा मोह टाळलेला बरा, कारण तशा मुलाखतींतून फक्त घाईची नोंद होते.

पावसाळ्याचे गणित वेगळे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये नदी धोका पातळीच्या बरीच वर गेली, आणि चिखली, आंबेवाडीसारख्या गावांतील व शिरोळ तालुक्यातील कुटुंबांना घरे सोडावी लागली. जून ते सप्टेंबरच्या अभ्यासात पाणी ३९ फुटांवर गेले की घरभेटी थांबवून फोनवर संपर्क ठेवायचा, असा नियम आधीच लिहिलेला असावा. प्रत्येक कुटुंबाकडून पूरक्षेत्राबाहेरच्या एका नातेवाइकाचा फोन क्रमांकही, संमतीने, घेऊन ठेवावा. हे न केल्यास निम्मे सहभागी ‘संपर्काबाहेर’ या रकान्यात जातात आणि अभ्यास ज्यांच्यासाठी होता नेमके तेच गळतात.

संमतीच्या बाबतीत एक सोयीची पळवाट फार रूढ आहे : मुकादमाने होकार दिला की सगळी टोळी सहभागी झाली असे धरले जाते. मुकादमाने उचल (आगाऊ रक्कम) दिलेली असते, त्यामुळे त्याच्यासमोर ‘नाही’ म्हणणे मजुराला सोपे नसते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत असुरक्षित गटांसाठी वेगळा विचार आहे, आणि म्होरक्याची परवानगी व्यक्तीच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही हेही त्यांत स्पष्ट आहे. मुकादमाला विचारावे, पण संमती एकेकट्याची, त्याच्या माघारी घ्यावी. तपासणीत गेलेल्या वेळेसाठी खाडा (मजुरीत कपात) लागणार असेल तर त्याची भरपाई अंदाजपत्रकात असलीच पाहिजे, आणि ती संबंधित व्यक्तीच्याच हाती पडली पाहिजे. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि हिशेब सहसा पुरुषाशी होतो, त्यामुळे बाईने दिलेल्या वेळेचे पैसे तिच्यापर्यंत पोहोचतील याची वेगळी व्यवस्था करावी लागते. तिची मुलाखतही एकांतात, शक्यतो स्त्री कार्यकर्तीनेच घ्यावी. प्रस्तावाला मान्यता देणाऱ्या नैतिकता समितीची आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी आहे की नाही, हे अर्ज करण्यापूर्वी पाहून घ्यावे. ते शेवटच्या आठवड्यात आठवले तर काहीच करता येत नाही.

यंत्रांच्या चुका तुलनेने सोप्या आहेत. स्वस्त धूलिकण संवेदक प्रकाशाच्या विखुरण्यावर चालतात आणि दमट हवेत कण पाणी शोषून फुगत असल्याने जास्त आकडे दाखवतात. कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टमध्ये हा दोष ठळकपणे जाणवेल. अभ्यासाच्या सुरुवातीला आणि शेवटी दोन-दोन आठवडे संवेदक हवा मोजणाऱ्या प्रमाणित केंद्राशेजारी ठेवून तुलना करावी, आणि त्या भाड्याचा व मनुष्यबळाचा खर्च वेगळ्या ओळीत मागावा. फौंड्रीत हे संवेदक सिलिका किती आहे ते सांगतच नाहीत. त्यासाठी पंप, चक्रवात विभाजक (बारीक कण वेगळे करणारे साधन), गाळणपत्र आणि प्रयोगशाळेतील विश्लेषण लागते.

निधीच्या स्रोताविषयी दोन गैरसमज दिसतात. सामाजिक उत्तरदायित्वाच्या (सीएसआर) निधीतून कंपनीने केवळ आपल्याच कामगारांसाठी केलेला खर्च नफ्याच्या २ टक्के खर्चाच्या बंधनात मोजला जात नाही, त्यामुळे एखाद्या फौंड्रीकडे तिच्याच कामगारांच्या तपासणीसाठी हा पैसा मागणे व्यर्थ आहे. औद्योगिक वसाहतीलगतच्या वस्तीचा अभ्यास मात्र बसू शकतो, फक्त निष्कर्ष प्रसिद्ध करण्याचा अधिकार संशोधकाकडे राहील हे करारात लिहून घ्यावे. परदेशी निधीबाबत, विदेशी अंशदान (विनियमन) कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीनंतर असा निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. विद्यापीठाने रक्कम घेऊन शिरोळमधील स्थानिक संस्थेला उपअनुदान द्यायचे, ही जुनी मांडणी आता चालत नाही, आणि अशी ओळ असलेला प्रस्ताव पहिल्या छाननीतच बाजूला पडतो.

तपासणीत एखाद्याच्या रक्तात शिसे जास्त निघाले किंवा फुफ्फुसांची क्षमता कमी आढळली, तर पुढे काय, याचे उत्तर अनेक प्रस्तावांत नसते. व्यक्तीला तिचा अहवाल तिला कळेल अशा भाषेत देणे, आणि कोल्हापूरच्या सीपीआर या शासकीय रुग्णालयासारख्या ठिकाणी कोणत्या विभागात पाठवायचे हे आधी ठरवून ठेवणे, ही तरतूद नसेल तर निधी देणाऱ्याने अर्ज परत करावा. ऊसतोड मजुरांचे अहवाल टोळी परतण्यापूर्वी द्यावेत, आणि मार्चचा पहिला आठवडा यासाठी राखून ठेवावा.

निधी देणाऱ्या संस्थांची स्वतःची मोठी चूक अंतिम अहवालात असते. ‘महत्त्वपूर्ण निष्कर्ष’ असा रकाना असला की संशोधक लहानशा नमुन्यातूनही काहीतरी सापडवतोच. त्याऐवजी सुरुवातीलाच उंबरठे ठरवावेत. उदाहरणार्थ, विचारलेल्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक लोक सहभागी झाले तर मोठा अभ्यास, ५० ते ७० टक्के असतील तर पद्धत दुरुस्त करून पुन्हा चाचणी, आणि त्याखाली असतील तर थांबणे. शेवटचा हप्ता या तिन्हींपैकी कोणत्याही उत्तरावर सारखाच मिळेल असे मंजुरीपत्रात लिहावे, म्हणजे ‘हा अभ्यास या पद्धतीने इथे होणार नाही’ असे लिहिणाऱ्या संशोधकाचे पैसे अडकून राहणार नाहीत.