‘नेट येईना झालंय’ असा फोन आला की: लिनक्सवाल्या घरांत कामाला जाणाऱ्या नव्या पोरांसाठी

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कामात नव्याने येणाऱ्यांना मी आधी हेच सांगतो की, ‘ओ दादा, नेट येईना झालंय की’ असा फोन आला म्हणून लगेच गाडीला किक मारू नका. बेळगावात टिळकवाडीच्या दुसऱ्या गेटला रेल्वे आली की तिथंच उभं राहायचं, आणि पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला जायचं म्हणजे दुपार गेलीच. त्यापेक्षा फोनवर तीन गोष्टी विचारून घ्या. मोबाईलचा डेटा बंद करून, नुसत्या वाय-फायवर नेट चालतंय का? फायबरच्या डब्यावर लाल दिवा लुकलुकतोय का? आणि काल-परवा घरात काय बदललं?

डेटा बंद करायला सांगणं विसरू नका. निम्मे लोक डेटा चालू ठेवूनच ‘मोबाईलवर चालतंय की, तुमचा कॉम्प्युटरच खराब आहे’ असं ठासून सांगतात. लाल दिवा, म्हणजे डब्यावर ‘एलओएस’ लिहिलेला, पेटला असेल तर बाहेरून येणारा प्रकाशच डब्यापर्यंत पोचत नाही. कुठंतरी फांदी पडली असेल, जेसीबीनं तार उचलली असेल. तिथं तुमचं लिनक्सचं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या सिस्टीमचं, ज्ञान कामाचं नाही, कंपनीला फोन लावायला सांगा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘काही नाही ओ, काहीच बदललं नाही’ असंच येतं. मग आपणच एकेक विचारायचं: लाईट गेली होती का, रंगकाम झालं का, नवा टीव्ही आणला का, पुण्याचा भाचा येऊन काही बघून गेला का? भाचा आला असेल तर निम्मं काम तिथंच झालं.

लिनक्सवाल्या घरांतून येणारे फोन अलीकडे वाढलेत, त्याला कारण आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ती बऱ्याच जुन्या मशीनमध्ये नसते. मग उद्यमबागेतल्या वर्कशॉपच्या ऑफिसात, शिकवणीवाल्यांकडे, डिप्लोमाच्या पोरांकडे जी धडधाकट जुनी मशीन होती त्यांवर मिंट नाहीतर उबुंटू ही लिनक्सची रूपं आली. मशीन छान चालतं, पण नेट अडलं की घरातल्या कुणालाच काय करायचं ते कळत नाही, आणि विंडोज शिकलेला दुकानदार सरळ ‘फॉरमॅट मारूया’ म्हणतो. नवीन माणसानं ही सवय लावूनच घेऊ नये. फॉरमॅट मारल्यावर नेट चालू झालं तरी कशानं बिघडलं होतं ते कळत नाही, आणि पंधरा दिवसांनी त्याच घरातून पुन्हा फोन येतो.

माझा नियम एवढाच: कुठं अडलंय ते कळेपर्यंत काहीही बदलायचं नाही, नुसतं विचारायचं. विचारायचं ते जवळून लांब. कार्ड, केबल, पत्ता, राउटर (बहुतेक घरांत तोच फायबरचा डबा), बाहेरचं जग आणि शेवटी नाव. हा क्रम तोंडपाठ करा.

टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडून ‘आयपी ए’. फोनवर सांगताना ‘आय, पी, मग लांबडी पट्टी, मग ए, एंटर’ असं सांगावं लागतं. काकू सत्तरीच्या असल्या तरी जमतं. जी यादी येते त्यात ‘ईएन’नं सुरू होणारं नाव केबलच्या कार्डाचं, ‘डब्ल्यूएल’नं सुरू होणारं वाय-फायचं. केबलच्या ओळीत ‘नो-कॅरिअर’ दिसलं तर केबल निघालीय, तुटलीय किंवा समोरचं पोर्ट मेलंय. आमच्याकडे वळवाच्या विजांनी लॅन पोर्ट, म्हणजे घरातल्या केबली लावायची भोकं, जळतात, हे लक्षात ठेवा. डब्यातल्या दुसऱ्या पोर्टात लावून बघितल्याशिवाय कॉम्प्युटरला दोष देऊ नका.

खाली ‘आयनेट’च्या पुढं १९२.१६८ नं सुरू होणारा पत्ता असला तर राउटरनं पत्ता दिलाय. पत्ताच नसला, किंवा १६९.२५४ नं सुरू होत असला, तर मशीननं मागितला पण कुणी दिला नाही. पुढं ‘आयपी आर’. त्यात ‘डिफॉल्ट व्हाया’च्या पुढचा आकडा म्हणजे घराबाहेर पडायचं दार. त्या आकड्याला पिंग करा, म्हणजे ‘आहेस का?’ असं विचारून उत्तर येतंय का बघा. लिनक्सवरचं पिंग विंडोजसारखं चारदा विचारून थांबत नाही, ते चालूच राहतं, कंट्रोल-सी दाबून थांबवायचं. दारानं उत्तर दिलं तर ८.८.८.८ या बाहेरच्या, गूगलच्या पत्त्याला पिंग, आणि तेही आलं तर एखाद्या वेबसाइटच्या नावाला. आकड्याला उत्तर येतंय आणि नावाला नाही, तर दोष नाव शोधून देणाऱ्या डीएनएसचा. ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ लिहिलं की मशीन कुणाला विचारतंय ते दिसतं. ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ या फाइलीत १२७.०.०.५३ बघून बरीच पोरं दचकतात आणि ते खोडतात. ते चुकीचं नाही. मशीन आपल्याच आतल्या मदतनीसाला विचारतंय, तो पुढं विचारतो. त्याला हात लावू नका.

हे सगळं सरळ झालं. आता एक वाकडं प्रकरण सांगतो, कारण शिकायला मिळतं ते असल्यातच.

शहापूरच्या एका गल्लीत जुनं घर. पुढून अरुंद, आत एकामागून एक खोल्या, दगडमातीच्या जाडजूड भिंती. फायबरचा डबा पुढच्या सोप्यात, आणि पोरगा अभ्यासाला सगळ्यात मागं माडीवर. तिथवर वाय-फाय पोचत नाही म्हणून कुणीतरी केबल ओढून मागं जुना राउटर बसवला होता, आणि त्याला केबलनं मिंटवालं मशीन. तक्रार अशी की काही दिवशी नेट झकास, काही दिवशी सकाळपासून ठप्प. मशीन बंद-चालू केलं की कधी येतं, कधी येत नाही. आधीच्या दुकानानं लिनक्स पुन्हा टाकून दिलं होतं. फरक शून्य.

मी गेलो तेव्हा ठप्पच होतं. ते बरं, बिघाड समोर असला की काम सोपं. पत्ता होता. दाराला पिंग केलं, उत्तर आलं, तेही झटपट. ८.८.८.८ ला मात्र काही नाही. इथं नवीन माणूस म्हणतो, राउटर बोलतोय, म्हणजे कंपनीचं नेट बंद. पण खाली सोप्यात आजी मोबाईलवर कीर्तन ऐकत होत्या, डेटा बंद असताना! मग तो दाराचा आकडा नीट वाचला: १९२.१६८.०.१. आजींच्या मोबाईलमध्ये वाय-फायच्या तपशिलात दार दिसत होतं १९२.१६८.१.१. एका घरात दोन दारं. मागचा जुना राउटर स्वतःला दार समजत होता आणि स्वतःच पत्ते वाटत होता. त्याच्या बाहेर जायच्या, म्हणजे वॅन पोर्टात केबलच नव्हती, ती लॅन पोर्टात होती. मशीन चालू झालं की ‘मला पत्ता द्या’ म्हणून ओरडतं. फायबरच्या डब्यानं आधी उत्तर दिलं तर त्या दिवशी नेट, जुन्या राउटरनं आधी दिलं तर बोंब. ‘जर्नलसीटीएल’ लिहून मशीनच्या रोजनिशीतली नेटवर्कमॅनेजरची (नेट जोडणाऱ्या प्रोग्रामची) नोंद काढली, तर कधी ‘१.’ वाला पत्ता, कधी ‘०.’ वाला, असा सगळा इतिहास तिथंच लिहिलेला होता. आधीच्या माणसानं ती नोंद उघडून बघितलीच नव्हती, आणि फॉरमॅट मारून पुसून मात्र टाकली होती. मला दिसली ती त्यानंतरची.

दुरुस्ती साधी आहे, पण क्रमानं करा. जुन्या राउटरच्या पानावर जायचं, आधी त्याचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.१ च्या घरातला, पण डबा जे पत्ते वाटतो त्या आकड्यांच्या पट्ट्याबाहेरचा द्यायचा, सेव्ह करायचं. नव्या पत्त्यावर पुन्हा आत जायचं आणि मग पत्ते वाटायचं, म्हणजे डीएचसीपी, बंद करायचं. उलटं केलंत तर त्या राउटरच्या पानावर परत जाताना नाकी नऊ येतात. केबल लॅन पोर्टातच ठेवायची. ती वॅनमध्ये लावली तरी नेट चालतं, पण मग माडीवरच्या मशीनला सोप्यातला प्रिंटर आपणहून सापडत नाही आणि आठवड्यानं त्याचा वेगळा फोन येतो.

केबलवरून आठवलं. नेट चालतंय पण संथ आहे, अशी तक्रार केबलवर असेल तर ‘ईथटूल’ला कार्डाचं नाव देऊन वेग विचारा. हजार एमबीपीएसच्या जागी शंभर दिसला तर बहुतेक केबलमधली निळी किंवा तपकिरी जोडी गेलीय. शंभरला नारिंगी आणि हिरवी, दोनच जोड्या पुरतात. हजाराला चारही लागतात. पोटमाळ्यावर उंदरांनी कुरतडलेली केबल बऱ्याचदा अशीच अर्धवट जिवंत असते. कनेक्टर बसवताना रंगांचा क्रम पाठ असू दे: नारिंगी-पांढरा, नारिंगी, हिरवा-पांढरा, निळा, निळा-पांढरा, हिरवा, तपकिरी-पांढरा, तपकिरी. दोन्ही टोकांना तोच.

वाय-फायचं दुखणं वेगळं. नेटवर्कची यादीच येत नसेल तर ‘आरएफकिल लिस्ट’. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’ला ‘यस’ असलं तर कुणाच्या तरी हातून कीबोर्डवरचं विमानाचं बटण दाबलं गेलंय, ‘आरएफकिल अनब्लॉक ऑल’नं सुटतं. ‘हार्ड ब्लॉक्ड’ असलं तर लॅपटॉपच्या कडेला बारीक खटका शोधा. कार्डच दिसत नसेल तर ‘एलएसपीसीआय -के’ लिहून ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, लागलाय का बघा. ड्रायव्हर उतरवायला नेट लागतं आणि नेटसाठी ड्रायव्हर, या फेऱ्यातून सुटायला आपला मोबाईल यूएसबीनं जोडायचा आणि टेदरिंग, म्हणजे मोबाईलचं नेट मशीनला देणं, चालू करायचं. लिनक्स ते बहुतेक वेळा लगेच ओळखतं. गिऱ्हाइकाला बाजारातून यूएसबी वाय-फाय आणायला सांगत असाल तर कंपनी नव्हे, आतली चिप विचारा. एकाच मॉडेलच्या पहिल्या आणि दुसऱ्या आवृत्तीत वेगळी चिप निघते. एक लिनक्सवर लावली की चालते, दुसरी रडवते. जुनं कार्ड नव्या राउटरला पासवर्ड बरोबर असूनही जुळत नसेल तर राउटर फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या वाय-फाय सुरक्षेवर ठेवलाय का ते बघा, दोन आणि तीन मिश्र ठेवला की बहुधा जुळतं.

आणखी एक फसवं प्रकरण घड्याळाचं. जुन्या मशीनच्या बोर्डावरचा सेल संपला की लाईट गेल्यावर तारीख मागं जाते. मग पिंग सगळीकडं जातं, पण ब्राउझर प्रत्येक पानाला ‘सुरक्षित नाही’ म्हणून अडवतो, कारण त्या तारखेला त्या साइटचं सुरक्षेचं प्रमाणपत्र जन्मालाच आलेलं नसतं. लिनक्स नेटवरून वेळ आपोआप जुळवून घेतं, पण कुणी ते बंद करून ठेवलं असेल तर नाही. ‘टाइमडेटसीटीएल’ लिहा, दिसेल. तीस-चाळीस रुपयांच्या सेलसाठी लोक कंपनीशी भांडत बसलेले असतात.

शिकायचं कसं, असं पोरं विचारतात. व्हीटीयूची इंजिनिअरिंगची डिग्री असो की आयटीआय, हे हातानंच येतं. एक जुनं मशीन घ्या, त्यावर मिंट टाका आणि मुद्दाम बिघडवा. ‘सुडो आयपी रूट डेल डिफॉल्ट’ मारून दार काढून टाका आणि काय काय बंद पडतं ते बघा. डीएनएसमध्ये भलताच आकडा घाला. टीव्हीला मिळालेलाच पत्ता मशीनला हातानं द्या आणि दोघं कसे आळीपाळीनं गळपटतात ते अनुभवा. ‘आयपी’नं केलेले बदल मशीन पुन्हा चालू केलं की जातात, त्यामुळं घाबरायचं कारण नाही. खिशात मिंटचा लाइव्ह पेन ड्राइव्ह कायम असावा: त्यावरून मशीन चालू केल्यावर नेट आलं तर हार्डवेअर चांगलं, गडबड सेटिंगमध्ये. अर्ध्या तासाचा वाद पाच मिनिटांत मिटतो.

कन्नड येत नसेल तर कामापुरतं शिका. ‘नेट बरंगिल्ला री’ (नेट येत नाही हो) याला ‘मोबाईलनल्ली बरतद एन री?’ (मोबाईलवर येतंय का हो?) एवढं विचारता आलं तरी समोरचा मोकळा होतो. निपाणीपासून खानापूरपर्यंत एकाच गल्लीत दोन्ही भाषांची गिऱ्हाइकं असतात. येण्याचे पैसे फोनवरच सांगून टाका, काम ‘दोन मिनिटांचं’ निघालं तरी. वहीत घराचं नाव, डब्याचं मॉडेल, दाराचा आकडा आणि तुम्ही काय बदललं ते लिहा. पासवर्ड लिहू नका. वही हरवते.

आणि दोष खरंच बाहेरचा निघाला, तर गिऱ्हाइकाला नुसतं ‘कंपनीला सांगा’ म्हणून निघून येऊ नका. त्यांच्यासमोर तुम्हीच फोन लावा आणि सांगा: मशीन सरळ डब्याला केबलनं जोडलंय, पत्ता मिळतोय, डब्याला पिंग जातंय, ८.८.८.८ ला जात नाही, सकाळी अमुक वाजल्यापासून, दिवे असे असे आहेत. पलीकडचा माणूस ‘डबा बंद करून चालू करा’ म्हणतोच, तेवढं करा. पण त्यानंतर तो ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये प्रॉब्लेम आहे’ म्हणू शकत नाही. तक्रार क्रमांक मागून घ्या आणि गिऱ्हाइकाच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत लिहून द्या.