मोटरस्पोर्ट आणि लक्झरी व्यवसायात उतरताना : मराठवाड्यातील उद्योजकासाठी मार्गदर्शन

मोटरस्पोर्टमध्ये व्यवसाय करू इच्छिणाऱ्याने एक गोष्ट आधी हिशेबाच्या वहीत लिहून ठेवावी. शर्यत स्वतः क्वचितच पैसा मिळवून देते. ती नाव मिळवून देते आणि पैसा त्या नावाच्या आधारावर उभ्या राहिलेल्या दुसऱ्या व्यवसायातून येतो. एन्झो फेरारी यांनी १९२९ मध्ये ‘स्कुदेरिया फेरारी’ सुरू केली ती अल्फा रोमिओच्या गाड्या शर्यतीत उतरवण्यासाठी. फेरारी नावाची पहिली गाडी १९४७ मध्ये आली आणि श्रीमंत ग्राहकांना रस्त्यावरच्या गाड्या विकून त्यांनी शर्यतींचा खर्च भागवला. मन्सूर ओज्जे यांच्या ‘टॅग’ कंपनीने मॅक्लारेन या फॉर्म्युला वन संघासाठी पोर्शेकडून टर्बो इंजिन तयार करून घेतले, १९८५ मध्ये होयर ही घड्याळांची कंपनी विकत घेतली आणि ‘टॅग होयर’ हे नाव शर्यतीच्या जगाशी कायमचे जोडून टाकले. पुढे १९९९ मध्ये ती कंपनी एलव्हीएमएच या फ्रेंच लक्झरी समूहाकडे गेली. लॉरेन्स स्ट्रोल यांचा क्रम याच्या उलट आहे. त्यांनी राल्फ लॉरेन आणि टॉमी हिलफिगर यांसारख्या कपड्यांच्या ब्रँडमधून संपत्ती कमावली, २०१८ मध्ये त्यांच्या गटाने फोर्स इंडिया हा फॉर्म्युला वन संघ घेतला, २०२० मध्ये अ‍ॅस्टन मार्टिन कंपनीत भांडवल घातले आणि २०२१ पासून तो संघ अ‍ॅस्टन मार्टिन या नावाने धावू लागला.

या तिघांपैकी प्रत्येकाकडे शर्यतीबाहेरचा एक भक्कम व्यवसाय होता. म्हणून ‘गाडी कोणती घ्यावी’ हा प्रश्न मागे ठेवून ‘माझा दुसरा व्यवसाय कोणता’ हा प्रश्न प्रथम सोडवावा. मराठवाड्यातील माणसाकडे या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांना वाटते त्यापेक्षा जवळ आहे, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात वर्कशॉपमधून करावी

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहतींत वाहन उद्योगाचे कौशल्य काही दशकांपासून साठत आले आहे. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ पासून चालू आहे. शेंद्र्यात स्कोडाचा कारखाना असून तेथे ऑडीच्या गाड्यांचीही जोडणी होते. वाळूजला मुख्यालय असलेल्या एंड्युरन्स टेक्नॉलॉजीजने २०२० मध्ये इटलीतील क्लच बनवणारी अ‍ॅडलर आणि ब्रेक बनवणारी ग्रिमेका या कंपन्या आपल्याकडे घेतल्या. दुचाकीच्या शर्यतींचे वेड ज्या देशात घराघरांत आहे, त्या देशातील कारखाने आपल्या वाळूजच्या कंपनीकडे आले, ही गोष्ट येथील प्रत्येक टर्नर-फिटरने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे.

तथापि व्हेंडरचे, म्हणजे कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्याचे काम आणि रेसिंगचे काम यांत मोठा फरक आहे. व्हेंडरला एकाच ड्रॉइंगवर लाखो नग काढायचे असतात आणि रिजेक्शन कमी ठेवण्यात त्याचा नफा असतो. रेसिंग संघाला मात्र चार नग हवे असतात, ते गुरुवारपर्यंत हवे असतात आणि बुधवारी ड्रॉइंग बदललेले असते. ज्याच्याकडे आधीपासून जॉबवर्कचे युनिट आहे, त्याने नेहमीच्या उत्पादनातून वेळ काढून हे काम करण्याचा प्रयत्न करू नये, कारण दोन्हीकडची तारीख चुकते. एक व्हीएमसी म्हणजे संगणकाच्या नियंत्रणावर चालणारे कापकामाचे मशीन, एक अनुभवी माणूस आणि कच्च्या मालाचा एक वेगळा रॅक या कामासाठी बाजूला काढावा आणि त्याचा दर तासाप्रमाणे लावावा, नगाप्रमाणे लावू नये.

सुरक्षेशी संबंधित भागांच्या बाबतीत तर अंदाजाला जागाच नाही. गाडी उलटल्यावर चालकाचा जीव वाचवणारा रोल केज, म्हणजे गाडीच्या आतला नळ्यांचा सांगाडा, कसा असावा, हे आंतरराष्ट्रीय ऑटोमोबाइल महासंघ म्हणजे ‘फिया’ आपल्या नियमावलीच्या परिशिष्ट ‘जे’मधील कलम २५३ मध्ये सांगते. मुख्य कमानीसाठी कोल्ड-ड्रॉन सीमलेस म्हणजे शिवण नसलेली कार्बन स्टीलची नळी लागते, तिची ताण सहन करण्याची क्षमता किमान ३५० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर असावी लागते आणि तिचे माप ४५ × २.५ किंवा ५० × २.० मिलिमीटर असते. ट्रॉलीसाठी वापरली जाणारी शिवणीची नळी दिसायला तशीच असली तरी तेथे चालत नाही. या नियमांत वेळोवेळी सुधारणा होतात, म्हणून प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला चालू आवृत्ती वाचावी. प्रत्येक नळीचे मटेरियल सर्टिफिकेट, हीट नंबर म्हणजे पोलादाच्या घाण्याचा क्रमांक, वेल्डिंग कोणी आणि कधी केले याची नोंद आणि जोडाचे छायाचित्र ही फाइल प्रत्येक गाडीसाठी स्वतंत्र ठेवावी. पुढे याच फायलीवर ग्राहक आपला विश्वास ठेवणार आहे. हेल्मेट, सीट आणि सीटबेल्ट यांच्या निर्मितीत मान्यतेशिवाय पडू नये. ते मान्यताप्राप्त कंपनीचेच घ्यावेत आणि त्यांच्यावरील मुदत तपासावी.

भांडवल नसलेल्या विद्यार्थ्यासाठी विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या गाड्यांच्या महाविद्यालयीन स्पर्धा हा उत्तम मार्ग आहे. पीथमपूरला होणारी बाहा एसएई इंडिया ही स्पर्धा २००७ पासून सुरू आहे आणि फॉर्म्युला भारत कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होते. संभाजीनगरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातील किंवा नांदेडच्या श्री गुरू गोविंदसिंगजी संस्थेतील विद्यार्थ्याने अशा संघात केवळ डिझाइनचे काम मागू नये, खर्चाचा अहवाल तयार करण्याचे कामही मागून घ्यावे, कारण उद्योजकाला पुढे तेच अधिक उपयोगी पडते.

ट्रॅकवर ओळख कशी करावी

भारतातील मोटरस्पोर्टचे नियमन ‘एफएमएससीआय’ ही महासंघ संस्था करते आणि स्पर्धकाला तिचा परवाना घ्यावा लागतो. प्रमुख ट्रॅक आपल्यापासून दूर आहेत : चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूर आणि ग्रेटर नोएडा. कार्टिंगचा, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतीचा, अनुभव घेण्यासाठी कोल्हापूर जवळचे आहे. उद्योजकाने थोडे तरी स्वतः चालवून पाहावे, त्यामुळे चालकाची तक्रार कळते. परंतु पहिला हंगाम मार्शल म्हणजे ट्रॅकवरची सुरक्षा पाहणारा माणूस म्हणून किंवा एखाद्या संघाचा साहाय्यक म्हणून काढावा. कोणता भाग वारंवार तुटतो, कोणता संघ वेळेवर पैसे देतो आणि कोणता मेकॅनिक शब्दाला जागतो, हे प्रेक्षकांच्या गॅलरीतून कधीच दिसत नाही.

प्रायोजक आणि आयोजन

झॅक ब्राउन हे आज मॅक्लारेनचे प्रमुख म्हणून ओळखले जातात, पण त्यांचा उदय प्रायोजकत्वाच्या व्यवसायातून झाला. स्वतः शर्यतपटू असताना त्यांनी १९९५ मध्ये मोटरस्पोर्ट मार्केटिंगची एजन्सी काढली आणि २०१६ मध्ये ते मॅक्लारेनमध्ये आले. गाडीवरची जागा विकणे हा त्यांचा व्यवसाय नव्हता. प्रायोजकाला त्या जागेचा उपयोग करून देणे हा होता. जालन्याच्या बियाणे कंपनीकडे किंवा सळई उत्पादकाकडे जाताना ‘तुमचा लोगो बॉनेटवर लावतो’ एवढेच सांगितले, तर नम्र नकार मिळेल. त्याऐवजी त्यांच्या विक्रेत्यांपैकी किती जणांना ट्रॅकवर नेता येईल, त्यांची राहण्याची सोय कोण करील, कोणती छायाचित्रे कंपनीला वर्षभर वापरता येतील आणि शर्यत रद्द झाली तर रक्कम कशी परत मिळेल, हे सर्व एका पानावर लिहून द्यावे.

येथे एक कायदेशीर बाब स्पष्ट असावी. प्रचाराचा लाभ मिळवण्यासाठी दिलेले प्रायोजकत्व कंपनीला सीएसआर म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या खर्चात दाखवता येत नाही, त्यामुळे तसे आश्वासन देऊ नये. तंबाखूजन्य पदार्थांच्या प्रायोजकत्वाला २००३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिरातींनाही २०२५ च्या कायद्याने मनाई झाली आहे.

मराठवाड्यात मातीवरची ऑटोक्रॉस म्हणजे मैदानात आखलेल्या मार्गावर वेळ मोजून होणारी स्पर्धा भरवणे शक्य आहे आणि ती भरली पाहिजे, असे मला मनापासून वाटते. शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती भरवणाऱ्या गावकऱ्यांना बक्षिसांचे दाते कसे मिळवावेत, प्रवेश फी कशी ठेवावी, पंच कोण असावेत आणि उसळलेली गर्दी दोरीच्या मागे कशी थांबवावी, हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ऑटोक्रॉसच्या आयोजकाने हे व्यवस्थापन त्यांच्याकडून शिकावे. काळ्या जमिनीवर मार्ग आखू नये, कारण ती पावसानंतर चिकट होते आणि उन्हात भेगाळते. मुरमाड माळ निवडावा. धूळ बसवण्यासाठी टँकरने पाणी मारावे लागते. ज्या महिन्यांत आपल्या गावांना पिण्यासाठी टँकर लागतो, त्या महिन्यांत शर्यतीसाठी पाणी ओतणे अयोग्य आहे, म्हणून नोव्हेंबर ते जानेवारी हाच काळ धरावा. महासंघाची परवानगी, पोलिसांची आणि जिल्हा प्रशासनाची मंजुरी, जमीनमालकाचा लेखी करार, विमा, रुग्णवाहिका आणि अग्निशमन यांपैकी एकही गोष्ट अपुरी असेल तर तारीख पुढे ढकलावी. सार्वजनिक रस्त्यावर राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार गुन्हा आहे. समृद्धी महामार्ग जालन्याजवळून जातो म्हणून तेथे गाडीची ‘चाचणी’ घेणाऱ्याला आपल्या संघात कधीही घेऊ नये.

कराचा प्रश्नही आधीच सोडवावा. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीनच वर्षे फॉर्म्युला वन शर्यत झाली. उत्तर प्रदेश सरकारने तिला खेळ न मानता करमणूक मानल्यामुळे करमणूक कराचा वाद उभा राहिला, आणि त्या सर्किटवरून भारतात मिळणारे उत्पन्न करपात्र आहे की नाही हा दुसरा वाद २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन शर्यतीचे व्यावसायिक हक्क असलेल्या ब्रिटिश कंपनीच्या विरुद्ध गेला. आपला कार्यक्रम लहान असला तरी तिकिटावर कोणता कर लागेल, हे सनदी लेखापालाकडून लेखी घ्यावे.

लक्झरीचा व्यवसाय

ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादमधील उद्योजक, डॉक्टर आणि व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच वेळी सुमारे ६५ कोटी रुपयांच्या १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. त्या बातमीकडे अनेकांनी श्रीमंतीचे प्रदर्शन म्हणून पाहिले. व्यावसायिकाने तिच्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहावे : मराठवाड्यात ग्राहक होता, परंतु त्याच्यापर्यंत कोणी येत नव्हते, म्हणून त्याने गट करून कंपनीला आपल्याकडे आणले. आजही लातूर, नांदेड किंवा परभणीच्या ग्राहकाला महागड्या गाडीची खात्रीशीर देखभाल हवी असेल, तर लांबचा प्रवास करावा लागतो. ज्या वर्कशॉपने रेसिंगच्या गाड्यांची प्रत्येक नोंद ठेवली आहे, त्याला हा ग्राहक आपली गाडी निःशंकपणे देईल. शर्यतीतून मिळालेल्या नावाचे रूपांतर उत्पन्नात होते ते येथे.

वापरलेल्या लक्झरी गाड्यांची खरेदी-विक्री हा त्यापुढचा टप्पा. त्यासाठी परिवहन कार्यालयाकडून अधिकृत विक्रेत्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. ही तरतूद एप्रिल २०२३ पासून लागू आहे. नोंदणीकृत विक्रेत्याला जीएसटी खरेदी आणि विक्री यांतील फरकावर १८ टक्के भरावा लागतो. नव्या मोठ्या गाड्यांवर आणि ३५० सीसीपेक्षा मोठ्या मोटरसायकलींवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे. १० लाख रुपयांहून महाग गाडी विकताना ग्राहकाकडून १ टक्का टीसीएस म्हणजे विक्रीच्या वेळी घेतला जाणारा आयकर गोळा करावा लागतो, आणि २२ एप्रिल २०२५ पासून त्याच किमतीवरील मनगटी घड्याळे, हँडबॅग व कलावस्तू यांनाही तो लागू झाला आहे. रोखीचा आग्रह धरणारा ग्राहक कितीही मोठा असला तरी त्याला नकार द्यावा.

लक्झरी म्हटल्यावर केवळ परदेशी नावे डोळ्यांसमोर आणू नयेत. पैठणची पैठणी आणि संभाजीनगरचे हिमरू यांना जो इतिहास आहे, तो विकत घेता येणारा नाही. रेसिंग संघाच्या पाहुण्यांना आणि प्रायोजकांना दिली जाणारी भेटवस्तू, हंगामाच्या शेवटी होणारा सत्कार आणि वेरूळ-अजिंठ्याचा दौरा यांची सांगड घालणारा पाहुणचाराचा व्यवसाय येथे नीट उभा राहू शकतो. पैठणी घेताना विणकराशी थेट व्यवहार करावा, शुद्ध रेशमाची खूण असलेला सिल्क मार्क पाहावा आणि विणकराचे नाव वस्तूसोबत द्यावे. अजिंठा लेणी सोमवारी आणि वेरूळ लेणी मंगळवारी बंद असतात, हे लक्षात न घेता आखलेला दौरा सगळी मेहनत वाया घालवतो.

पैशांची शिस्त

फोर्स इंडियाने २०१६ आणि २०१७ अशी सलग दोन वर्षे फॉर्म्युला वनमध्ये चौथा क्रमांक मिळवला आणि तरीही जुलै २०१८ मध्ये तो संघ दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. ट्रॅकवरची कामगिरी धनकोंची बिले भरत नाही. म्हणून रेसिंगसाठी वेगळी कंपनी काढावी, तिच्या वार्षिक खर्चाची मर्यादा हंगामापूर्वी ठरवावी आणि वर्कशॉपची यंत्रे किंवा घराची शेती तिच्या कर्जासाठी तारण ठेवू नये. पुढे परदेशातील स्पर्धेसाठी गाडी आणि सुटे भाग तात्पुरते न्यायचे झाले, तर फिक्की या उद्योग संघटनेकडून एटीए कार्नेट हा तात्पुरत्या आयातीचा कागद काढावा, म्हणजे तो मानणाऱ्या देशांत आयात शुल्क भरावे लागत नाही. त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची असते, आणि परतताना सीमाशुल्क कार्यालयाचा शिक्का राहून गेला तर शुल्काची मागणी मागाहून येते. तेव्हा हा कागद सामानाच्या पेटीत न ठेवता हिशेब पाहणाऱ्या माणसाच्या हाती द्यावा.