घोडा चरापाशी अडतो? उंची राहू दे, आधी चर शिकवा

क्रॉसकंट्री, म्हणजे घोड्यावरून मोकळ्या रानातले अडथळे उडणं, सुरू करणारे बहुतेक जण पहिला प्रश्न उंचीचाच विचारतात, घोडा किती उडतो, मीटर का सव्वा मीटर. पण घोडा उंचीला फारसा घाबरत नाही हो. माझी घोडी पुण्यात रेस सोडून आलेली थरोब्रेड (शर्यतीच्या घोड्यांची जात), रिंगमध्ये म्हणजे सरावाच्या मैदानात 1 मीटर आरामात उडायची, आणि तीच घोडी दीड फुटाच्या चरापाशी चारही पाय रोवून उभी राहिली. घोड्याला घाबरवतं ते खालचं, काळोखं, ज्याचा तळ कळत नाही ते. म्हणून माझं म्हणणं एवढंच की डिच म्हणजे चर, पाणी, ट्रेकेनर म्हणजे ओंडका टाकलेला चर, असल्या जंपची तयारी उंची वाढवून होत नाही, ती लहान जंपवर घोड्याचा तुमच्या हातावरचा विश्वास शाबूत ठेवून होते.

आधी घोड्याचे डोळे समजून घ्या. ते डोक्याच्या बाजूला असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, पण अगदी कपाळासमोरचं आणि नाकाखालचं दिसत नाही, म्हणजे उडायच्या क्षणी जंप त्याच्या नजरेतून जातेच, आधी जे पाहिलं त्याच्या भरवशावर तो उडतो. उन्हातून झाडांच्या सावलीत शिरलं की त्याच्या डोळ्यांना सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. आणि जवळची वस्तू नीट बघायला त्याला मान खाली घालावी लागते. आपण काय करतो, तो मान खाली घालायला लागला की घाबरून लगाम आखडतो, म्हणजे बघायची मुभा काढून घेतो आणि वर पुढे जा म्हणून टाच मारतो. मग तो अडला तर त्यात त्याची काय चूक!

लहानपणी ऐकलेलं असतं ना, घोडा का अडला, पान का सडलं, भाकरी का करपली, तर न फिरवल्यामुळे. ते इथे शब्दशः खरं आहे. जो घोडा फक्त तबेला आणि रिंग एवढंच बघतो तो बाहेर पडला की प्लास्टिकच्या पिशवीलाही बुजतो. त्यामुळे जंपच्या आधी निदान महिनाभर त्याला बाहेर फिरवा, चढ-उतार, ओढ्याकाठची वाट, शेताचा बांध, सोबत एखादा जुना शांत घोडा. लांब लगामावर, निवांत. आणि रिंगमध्ये तीन गोष्टी पक्क्या करा, पायाचा हलका दाब दिला की लगेच पुढे, सरळ रेषेत, आणि खोगिरात बसून थांब म्हटलं की थांबणं. रेसमधल्या घोड्यांना लगामावर रेलून पळायची सवय असते, तोंड ओढलं तर ते आणखी जोरात जातात, त्यांना हे नव्याने शिकवायला वेळ लागतो, लागू द्या.

आता चर. पहिला चर दीड फूट रुंद आणि वीतभर खोल, बस. आपल्या काळ्या मातीत पावसाने कडा ढासळतात म्हणून दोन्ही काठांवर ओंडके टाकून खुंट्या ठोकून घ्या, काठ पायाखाली सुटला तर तो घोडा पुढचे कित्येक महिने चराजवळ येणार नाही. खणायची सोय नसेल तर रिंगमध्ये दोन पोलच्या मध्ये निळी ताडपत्री घडी करून ठेवा आणि घडी हळूहळू उलगडत न्या, घोड्याला निळं आणि पिवळं चांगलं दिसतं त्यामुळे तो हमखास बघतो, आणि बघायला शिकणं हेच तर हवंय.

अनुभवी घोडा पुढे, तुम्ही मागे दोन-तीन घोड्यांचं अंतर ठेवून, चालीवर, म्हणजे घोडा न पळवता साध्या चालण्याने. पुढचा ओलांडून गेला की तुमचा बहुधा जाईल. नाही गेला तर काठावर उभं राहू द्या. माझी घोडी पहिल्या दिवशी तिथे कितीतरी वेळ उभी होती, नाकपुड्या फुगलेल्या, कान बाणासारखे पुढे, नाक ओल्या मातीला लागेपर्यंत मान खाली, मग एक लांब फुरफुर, आणि मी लगाम सैल सोडून दोन्ही पाय तिच्या अंगाला नुसते लावून बसलेले. नियम एकच, मागे वळायचं नाही, बाजूला जायचं नाही, बाकी बघ, हुंग, विचार कर, काय वाटेल ते. मग अचानक ती जागच्या जागी हरणासारखी उडली, चर दीड फुटाचा आणि उडी आठ फुटांची, मी मागे राहिले आणि लगामाचा झटका तिच्या तोंडाला बसला. पुढच्या वेळी ती दहा पावलं आधीच अडली. चराला नाही, माझ्या हाताला घाबरून. ते नीट करायला मला तीन आठवडे लागले, म्हणून कळकळीने सांगते, चराकडे जाताना घोड्याच्या गळ्यात नेकस्ट्रॅप म्हणजे पट्टा बांधा आणि एक हात त्यात अडकवा, नाहीतर मूठभर आयाळ धरा. पडलात तरी चालेल पण तोंडाला झटका नको.

नजर चराच्या पलीकडच्या झाडावर. तुम्ही खाली बघितलं की खांदे खाली जातात, वजन पुढे जातं आणि घोड्याला ते लगेच कळतं. चार-पाच वेळा दोन्ही दिशांनी चालीवर, मग ट्रॉट म्हणजे दुडकी चाल, उडी लहान आणि कंटाळवाणी झाली की त्या दिवसापुरतं बंद. खरंच, कंटाळवाणी होईपर्यंत रुंदी वाढवू नका.

मग त्याच चरावर ट्रेकेनर, म्हणजे चराच्या वर आडवा ओंडका. हे नाव पूर्व प्रशियातल्या ट्रेकेनन स्टडफार्मवरून आलंय, 1732 साली सुरू झालेलं फार्म, तिथे पाण्याच्या निचऱ्यासाठी चर होते आणि त्यातच कुंपणं. घोडा चराकडे न बघता ओंडक्याकडे बघून उडाला पाहिजे. आधी ओंडका चराच्या अलीकडच्या काठावर जमिनीवर, मग मधे फूटभर उंचीवर, मग दीड फूट. चर तोच राहू द्या, एका वेळी एकच गोष्ट बदला. कॉफिनसाठी, म्हणजे आडवा दांडा आणि त्याच्या पुढे चर अशा जोडजंपसाठी, चराच्या आधी साधारण 10 मीटरवर छोटा रेल (आडवा दांडा) लावा, मधे दोन स्ट्राइड म्हणजे घोड्याच्या दोन ढांगा बसतात. इथे कॅंटर (ट्रॉटपेक्षा वेगवान उसळती दौड) आखूड पण उसळता हवा, चेंडूसारखा, लांब सपाट कॅंटरने आलात तर घोड्याला रेलच्या पलीकडचा चर उशिरा दिसतो आणि तो तिथेच ब्रेक लावतो.

पाण्याचंही तसंच. तळ टणक आहे का ते आधी स्वतः पाण्यात उतरून बघा, पावसाळ्यातल्या ओढ्यात गाळ आणि निसरडे दगड असतात, तिथे पहिला धडा नकोच. आत गेल्यावर लगेच बाहेर काढू नका, उभं करा, पाय आपटू द्या, पाणी उडू द्या. चालीवर आत-बाहेर, मग ट्रॉट, मग फूटभराच्या पायरीवरून आत. उतरताना शरीर मागे, बोटांतून लगाम सरकू द्या. स्किनीसाठी, म्हणजे अगदी अरुंद जंपसाठी, दोन्ही बाजूंना पोल टेकवून नरसाळ्यासारखी वाट करा आणि मग एकेक काढा, यात भीती कमी असते, सरळ रेषेचा प्रश्न जास्त.

अडला तर? स्पर्धेत एका अडण्याला 20 पेनल्टी, पण घरी त्याची किंमत शून्य आहे, म्हणून घरी रागावून चाबूक नको. जंप खरंच छोटी असेल तर तिथेच उभे राहा, वळू नका, पुन्हा पुढे जायला सांगा. मोठी असेल तर लहान करा, त्यात कसला कमीपणा. भारताचा घोडेस्वार फवाद मिर्झाने सेन्यॉर मेडिकॉट या घोड्यावर 2018 च्या एशियन गेम्सला सिल्व्हर मिळवलं आणि तोच घोडा टोकियो ऑलिंपिकला नेऊन 23 वा आला, एका घोड्याबरोबर अशी वर्षं काढली की विश्वास म्हणजे काय ते दिसतं.

एकट्याने कधीच करू नका, बॉडी प्रोटेक्टर आणि चांगलं हेल्मेट हवंच, जमिनीवर एक माणूस हवा. चरांचा सराव आठवड्यातून एकदाच. आणि आधी बिनधास्त उडणारा घोडा एकाएकी अडायला लागला तर ट्रेनिंगचा विचार बाजूला ठेवा, खोगीर पाठीला लागतंय का, नाल सैल झालाय का, पायात गरमपणा आहे का ते सईसाबरोबर हाताने चाचपून बघा, व्हेटला बोलवा, आणि तो काय म्हणतो ते कळेपर्यंत जंप बंद.