मॉर्गन वुडवर्डच्या १९ भूमिका: जुन्या वेस्टर्न मालिकांतल्या पाहुण्या नटाची नोंदवही कशी तयार करावी

‘गनस्मोक’ ही अमेरिकन वेस्टर्न मालिका १० सप्टेंबर १९५५ला सीबीएस या टीव्ही नेटवर्कवर सुरू झाली आणि ३१ मार्च १९७५ला तिचा शेवटचा भाग लागला. २० सीझन, ६३५ भाग. एवढ्या पसाऱ्यात मॉर्गन वुडवर्ड हा टेक्सासचा नट १९ वेळा पाहुणा म्हणून आला; इतक्यांदा दुसरा कुठलाही पाहुणा डॉज सिटीत, म्हणजे मालिकेतल्या गावात, फिरकला नाही. दर खेपेला माणूस नवा, नाव नवं, मालिकेचा नायक मार्शल मॅट डिलनशी असलेलं वैर किंवा दोस्तीही नवी. अशा नटाच्या भूमिकांची यादी नेटवर आयती मिळते. पण तेवढ्यावर नट समजत नाही, आणि यादीही बऱ्याचदा कुठेतरी लंगडी असते. म्हणून पहिला नियम असा: ज्या भागात त्याचा चेहरा आपण स्वतः पाहिला आणि श्रेयनामावलीतही नाव सापडलं तीच नोंद पक्की, बाकीच्या सगळ्या तपासायच्या बाकी.

आधी कुंपण घाला

‘पाहुणा’ कोणाला म्हणायचं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. हे राहिलं की पुढे आकडे जुळत नाहीत. वुडवर्डने ‘द लाइफ अँड लेजंड ऑफ वायट अर्प’मध्ये शॉटगन गिब्ज केला, १९५८ ते १९६१. ती नेहमीची भूमिका आहे, पाहुण्याची नाही. तिच्यासाठी वेगळं पान ठेवा. केन कर्टिसचं उदाहरण याहून अवघड. तो ‘गनस्मोक’मध्ये आधी निरनिराळ्या छोट्या भूमिकांत आला, १९६२च्या डिसेंबरात ‘अस हॅगन्स’ या भागात फेस्टस या पात्राच्या रूपात दिसला आणि १९६४पासून कायमचा झाला. फेस्टसच्या आधीच्या भूमिका पाहुण्याच्या वहीत जातील. त्यानंतरचे शेकडो भाग त्यात मिसळले तर एकूण आकड्याला काहीच अर्थ उरणार नाही.

दोन भागांची गोष्ट असेल तर ती एक भूमिका आणि दोन भाग अशी लिहा. दोन आकडे वेगळे ठेवले की ‘किती वेळा आला’ आणि ‘किती माणसं साकारली’ या दोन प्रश्नांची दोन स्वच्छ उत्तरं मिळतात. लोकांच्या आकड्यांत जो फरक पडतो, तो बरेचदा इथेच पडतो.

रेडिओ पूर्ण बाहेर. ‘गनस्मोक’ रेडिओवर १९५२ ते १९६१ चालली, तिथे मॅट डिलन विल्यम कॉनराड होता, आणि त्यातल्या कितीतरी गोष्टी नंतर टीव्हीवर त्याच किंवा जवळपासच्या नावाने आल्या. जॉन डेनर हा नट तर रेडिओ आणि टीव्ही दोन्हीकडे. ‘हॅव गन, विल ट्रॅव्हल’ या मालिकेत टीव्हीवर नायक पॅलाडिन रिचर्ड बून होता, रेडिओवर डेनर. यादी करणाऱ्याचं लक्ष जरा हललं की रेडिओवरची भूमिका टीव्हीच्या रकान्यात जाऊन बसते.

वहीचे रकाने

एक्सेल चालेल, दोनशे पानी वहीही चालेल. रकाने असे ठेवा: मालिका, सीझन आणि भागाचा क्रमांक, भागाचं नाव, पहिल्या प्रक्षेपणाची तारीख, रंगीत की कृष्णधवल, आपल्या प्रतीची लांबी मिनिटांत आणि सेकंदांत, पात्राचं नाव, श्रेयनामावलीत नटाचं नाव जसं छापलंय तसं, ते सुरुवातीला आलं की शेवटी आणि कोणत्या शब्दाखाली, पहिल्यांदा दिसल्याचं मिनिट, शेवटचं दिसल्याचं मिनिट, पात्र जगलं की मेलं आणि कोणाच्या हातून, आणि शेवटी पुराव्याचा दर्जा.

पुराव्यासाठी तीन अक्षरं पुरतात. ‘क’ म्हणजे चेहरा पाहिला आणि श्रेयनामावलीतही नाव आहे. ‘ख’ म्हणजे दोन्हींपैकी एकच. ‘ग’ म्हणजे फक्त कुणाच्या तरी यादीत वाचलं. सगळ्या नोंदी आधी ‘ग’ म्हणून भरायच्या आणि पाहत पाहत वर चढवायच्या.

नावं देवनागरीत लिहिणाऱ्यांनी आणखी एक रकाना वाढवावा: मूळ रोमन स्पेलिंग. वुडवर्ड, वूडवर्ड, वुडवार्ड अशी तीन रूपं एका वहीत आली की शोध आणि क्रमवारी दोन्ही बिघडतात.

मालिका ओळखायच्या खुणा

‘वॅगन ट्रेन’च्या भागांच्या नावात बहुधा पात्राचं नाव आणि पुढे ‘स्टोरी’ असतं, तर ‘रॉहाइड’चे भाग बहुतेक ‘इन्सिडेंट’ या शब्दाने सुरू होतात. नुसतं नाव हाती लागलं तरी मालिका सांगता येते.

लांबी आणि रंग हे तारखेचे चांगले साक्षीदार आहेत. ‘गनस्मोक’चे पहिले सहा सीझन अर्ध्या तासाचे, एकूण २३३ भाग, १९६१पासून तासाभराचे, ४०२ भाग, रंग १९६६च्या सीझनपासून. ‘बोनान्झा’ १९५९पासून अखेरपर्यंत रंगीतच. ‘वॅगन ट्रेन’चा १९६३-६४चा सीझन दीड तासाचा आणि रंगीत, त्याच्या आगेमागे बहुतेक कृष्णधवल. ‘द व्हर्जिनियन’ पहिल्यापासून दीड तासाची आणि रंगीत. रंगीत ‘गनस्मोक’ समोर आहे आणि यादीत १९६३ लिहिलंय, तर चूक यादीची.

पुनर्प्रक्षेपणाच्या नावांनी फार घोळ होतो. ‘गनस्मोक’चे अर्ध्या तासाचे जुने भाग ‘मार्शल डिलन’ या नावाने पुन्हा दाखवले गेले, तेही नवे तासाभराचे भाग चालू असताना. ब्रिटनमध्ये हीच मालिका ‘गन लॉ’ होती. ‘वॅगन ट्रेन’मधले वॉर्ड बाँड हा नट असलेले भाग ‘मेजर अॅडम्स, ट्रेलमास्टर’ नावाने फिरले. १९६२च्या एखाद्या वर्तमानपत्राच्या टीव्ही पानावर ‘मार्शल डिलन’ दिसलं आणि ती नवी मालिका समजून नोंद केली, तर एकच भूमिका दोनदा मोजली गेली.

कोणती प्रत पाहायची

त्या काळात तासाभराच्या भागात साधारण ५० मिनिटं मजकूर असे, अर्ध्या तासाच्या भागात साधारण २५ ते २६. पुढे जाहिराती वाढल्या तशी पुनर्प्रक्षेपणाच्या प्रतींवर कात्री चालली. कापणारा नायकाला हात लावत नाही. कापले जातात ते घोड्यांच्या तबेल्यातला दीड मिनिटाचा संवाद, सलूनच्या दारातली एक धमकी, म्हणजे नेमकी चरित्र नटाची कमाई. म्हणून तासाचा भाग ४४-४५ मिनिटांत संपला तर वहीत ‘कापलेली प्रत’ असा शेरा मारा. त्या प्रतीत नट दिसला नाही म्हणून नोंद खोडू नका. पूर्ण प्रत मिळेपर्यंत ती ‘ख’मध्ये राहू द्या.

लांबी कमी दिसली म्हणजे प्रत कापलेलीच असेल असंही नाही. फिल्म सेकंदाला २४ चित्रांची. युरोपातल्या पाल या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीवर ती २५च्या गतीने धावते. ५० मिनिटांचा भाग ४८ मिनिटांत संपतो, एकही दृश्य न गमावता, फक्त आवाज किंचित वरच्या पट्टीत जातो. वुडवर्डसारख्या खर्जातल्या नटाच्या बाबतीत हे कानाला लगेच जाणवतं.

भारतात बसून अमेरिकन डीव्हीडी मागवणाऱ्यांनी आधी प्लेअर तपासावा. डीव्हीडीला प्रदेशानुसार रीजनचा क्रमांक असतो: त्या चकत्या रीजन १च्या, आपल्याकडचे प्लेअर रीजन ५चे. सगळे रीजन वाचणारा प्लेअर नसेल तर चकती चालणारच नाही. शिवाय ‘गनस्मोक’चे बहुतेक सीझन दोन खंडांत निघाले आहेत. मागवताना खंडाचा क्रमांक पाहिला नाही, तर हवा तो भाग दुसऱ्या खोक्यात राहतो.

प्रत्यक्ष पाहताना

भाग सुरू करण्याआधी शेवटची श्रेयनामावली पाहून घ्या, पॉज करून उतरवा, मग पहिल्यापासून लावा. कोण येणार हे माहीत असलं की गर्दीच्या दृश्यातही नजर शोधत राहते. नावाखाली पात्राचं नाव असेलच असं नाही. मग संवादात कोणी त्याला हाक मारेपर्यंत तो रकाना रिकामा ठेवा. अंदाजाने भरलेलं पात्राचं नाव पुढे दहा याद्यांत उतरतं आणि मग ते निघता निघत नाही.

नट ओळखण्यासाठी दाढी-मिशीवर विसंबू नका, ती भूमिकेगणिक बदलते. आवाज, चालण्याची ढब, खांदे, टोपी काढताना दिसणारी केसांची रेषा या खुणा टिकतात. जॅक ईलमला तर त्याचा निकामी डावा डोळा कुठेही ओळखू देतो. तरीही एका ओळीची भूमिका असेल आणि श्रेयनामावलीत नाव नसेल, तर कितीही खात्री वाटली तरी ‘ख’च द्या आणि मिनिट लिहून ठेवा, म्हणजे दुसऱ्या कुणाला ती जागा पाहून ठरवता येईल.

नोंदी घेत एक तासाचा भाग पाहायला सुमारे ७५ मिनिटं लागतात. असे १९ भाग म्हणजे जवळजवळ २४ तासांचं काम. दिवसाला दोनच पाहा. तिसऱ्या भागापासून मिनिटांचे आकडे ढिले पडू लागतात.

नावांचे सापळे

हॅरी डीन स्टँटन त्या काळातल्या श्रेयनामावल्यांत ‘डीन स्टँटन’ आहे, कारण हॅरी स्टँटन नावाचा दुसरा नट आधीच होता. चार्ल्स ब्रॉन्सन सुरुवातीला बुचिन्स्की. एल. क्यू. जोन्सचं जन्मनाव जस्टस मॅक्वीन. १९५५च्या ‘बॅटल क्राय’मध्ये त्याने साकारलेल्या पात्राचं नावच त्याने पुढे स्वतःसाठी घेतलं. एका नटाची माहीत असलेली सगळी नावं पहिल्याच पानावर लिहा, पण नोंदीत मात्र त्या भागात छापलेलंच नाव घाला.

पात्रांच्या नावांचाही सापळा असतो, आणि वुडवर्डच्या बाबतीत तो चांगलाच अडकवतो. १९६८च्या ‘लोबो’मध्ये तो ल्यूक ब्रेझो, डोंगरात राहणारा शिकारी. १९७०च्या ‘ल्यूक’ या भागात तो ल्यूक डेंजरफिल्ड. आणि १९६७च्या ‘कूल हँड ल्यूक’ चित्रपटात, जिथे ल्यूक पॉल न्यूमन आहे, वुडवर्ड आरशाच्या काचांचा चष्मा लावलेला पहारेकरी बॉस गॉडफ्री आहे. तिन्ही नोंदी सरमिसळ झालेल्या याद्या भेटतील. सीझन, भाग आणि तारीख एकत्र लिहिण्याची सवय इथे उपयोगी पडते.

तारीख घेताना वर्तमानपत्राचं टीव्ही पान एकट्याने पुरावा मानू नका. काही स्थानिक केंद्रं नेटवर्कचा कार्यक्रम काही दिवसांनी दाखवत. दोन वेगवेगळ्या शहरांतली पानं जुळली तर तारीख पक्की धरा.

भूमिका कशा वाचायच्या

रकाने भरले की भाग प्रक्षेपणाच्या क्रमाने लावा आणि जवळजवळचे दोन-दोन पुन्हा पाहा. वुडवर्डसाठी ‘स्ट्रायकर’ आणि ‘मॅट डिलन मस्ट डाय’ ही जोडी घ्यावी. १९६९च्या ‘स्ट्रायकर’मध्ये तो मॅटच्या आधीचा मार्शल, सूड मनात घेऊन डॉजला परतलेला. १९७४च्या, २०व्या सीझनमधल्या ‘मॅट डिलन मस्ट डाय’मध्ये तो अब्राहम वेकफिल्ड, मुलाच्या मृत्यूपायी मॅटच्या जिवावर उठलेला बाप. दोन्हीकडे मागणी एकच, मॅटचा जीव. मग पाहायचं ते बारकाईने: पहिल्या प्रवेशात तो मॅटच्या किती जवळ उभा राहतो, डोळे कधी वळवतो, कोणत्या वाक्याआधी थांबतो. या तीन गोष्टी दोन्ही भागांसाठी शेजारी शेजारी लिहा. नट एकच असूनही माणूस दुसरा कसा झाला, ते त्या दोन नोंदींत दिसायला लागतं.

प्रत्येक भूमिकेवर चार ओळींहून जास्त लिहू नका आणि त्यात कथानक सांगू नका. ते कुठेही मिळतं. ‘पहिला प्रवेश सातव्या मिनिटाला, घोड्यावरून न उतरता सगळा संवाद’ अशी एक ओळ पुढे जास्त कामी येते. वही पूर्ण झाल्यावरही ‘ख’ आणि ‘ग’च्या नोंदी खोडायच्या नाहीत. त्या वेगळ्या रंगात ठेवा आणि एकूण आकडा देताना फक्त ‘क’ मोजा, बाकीच्यांची संख्या त्याच्या शेजारी स्वतंत्र लिहा.