छर्रा डोळ्यात गेला तर: चौकीपासून शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत

स्फोटात डोळा जखमी झालेला जवान समोर आला की रक्त थांबवायला हात आपसूक पट्टीकडे जातो. कापसाची घडी ठेवून पट्टी आवळली, की फाटलेल्या डोळ्यातून आतला द्रव आणि पडदे बाहेर ढकलले जातात. वाचू शकणारा डोळा असा पहिल्या दहा मिनिटांत जातो. म्हणून कडक शील्ड, म्हणजे डोळ्याला न दाबता त्यावर बसणारं वाटीसारखं झाकण, प्रत्येक जवानाच्या प्रथमोपचार पाकिटातच हवं. पलटणीच्या आरएपीत, म्हणजे पहिल्या उपचार ठाण्यात, ठेवून भागत नाही.

आधी श्वास आणि जिवावर बेतणारा रक्तस्राव सांभाळा, मग डोळा. शील्ड लावण्यापूर्वी दिसतं किती ते विचारा: छापील अक्षर, बोटं, हलणारा हात, नुसता उजेड? उत्तर वेळेसह जखमीच्या कार्डावर लिहा, पुढचा सर्जन त्यावरच अंदाज बांधतो. पापणी सुजली असेल तर जबरदस्तीने उघडू नका. शील्डची कड वर भुवईच्या आणि खाली गालाच्या हाडावर टेकली पाहिजे, आत गॉज नको. चिकटपट्टी कपाळाच्या मध्यापासून गालाकडे तिरकी न्या. शील्ड नसेल तर कागदी कपाचा बुडाकडचा भाग कापून वापरा. घुसलेला तुकडा उपसू नका. थेंब, मलम काही घालू नका. दुसरा डोळा शाबूत असेल तर उघडाच ठेवा, जवान स्वतः चालू शकतो आणि घाबरत नाही.

दर टप्प्यावर कुणीतरी ‘बघू जरा’ म्हणून शील्ड काढतं. पट्टीवर मार्करने ‘मत खोलो’ असं ठळक लिहा.

शुद्धीत असेल आणि ॲलर्जी नसेल तर मोक्सिफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाची 400 मिग्रॅची गोळी द्या, गिळता येत नसेल तर शिरेतून प्रतिजैविक. ओकारी थांबवणारं ओंडान्सेट्रॉन 4 मिग्रॅ विसरू नका, कारण एका ओकारीनेही डोळ्यातला दाब वाढून जखम उघडू शकते. धनुर्वाताची लस बघा. मणक्याला इजा नसेल तर डोकं उंच ठेवा.

दोन प्रसंगी वाट पाहायची नाही. रसायन गेलं असेल तर सलाइन किंवा स्वच्छ पाण्याने लगेच, किमान 30 मिनिटं धुवा. पाच-दहा मिनिटं थांबून पीएच कागदाने तपासा, 7 च्या आसपास नसेल तर पुन्हा धुवा. दुसरा प्रसंग म्हणजे डोळा पुढे आलेला, दगडासारखा ताठ, नजर झपाट्याने जातेय: मागे रक्त साठलंय. तिथल्या तिथे लॅटरल कँथोटॉमी आणि कँथोलिसिस, म्हणजे डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला छेद देऊन आणि पापणीचा बंध कापून दाब मोकळा करणं, करावी लागते, दोन तासांत डोळ्याची नस मरू शकते. आरएमओला, म्हणजे पलटणीच्या डॉक्टरला, हे आधीच शिकवून ठेवा. डोळा फुटला असल्याची शंका असेल तर मात्र तिथे बोटाने दाबून ताठपणा तपासू नका.

डोळा शिवायचं काम 24 तासांत व्हायला हवं. त्यामुळे नेत्रसर्जन, मायक्रोस्कोप आणि सीटी कुठे आहे याची यादी मोहिमेआधी तयार ठेवा, आणि हे नसलेल्या रुग्णालयात थांबा घेऊ नका. सीटी 1 मिमीच्या कापांचा मागा. धातू नाही याची खात्री होईपर्यंत एमआरआय नको, फुटलेल्या डोळ्यावर सोनोग्राफीचा प्रोबही नको. पहिल्या शस्त्रक्रियेत डोळा शक्य तितका शिवा; काढायचा निर्णय जवान शुद्धीवर आल्यावर, त्याच्याशी बोलून.

पडद्याच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात वायू भरला असेल तर मनगटावर तशी पट्टी बांधा. तो विरेपर्यंत विमान बंद आणि उंचावर जाणंही बंद, नाहीतर वायू फुगून नजर कायमची जाऊ शकते. गढवालच्या डोंगरातल्या घरी सुट्टीवर सोडताना नेमकं हेच राहून जातं.