मकाबियाला आलात तर फुटबॉल असा बघा

मकाबिया म्हणजे जगभरातल्या ज्यूंची इस्रायलमध्ये भरणारी क्रीडास्पर्धा. तिच्या उन्हाळ्यात ठाण्या-पनवेलहून आमच्याकडे इस्रायलमधल्या लोदला पाहुणे आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मावशी, उद्घाटनाची तिकिटं मिळतील का?" मिळाली तर जरूर जा. जेरुसलेमच्या टेडी स्टेडियमवर दणक्यात सोहळा होतो, २०२२ला तर अमेरिकेचे अध्यक्ष बायडन येऊन बसले होते. पण माझं विचाराल तर तो सोहळा टीव्हीवर जास्त चांगला दिसतो. पायाला त्रास द्यायचाच असेल तर फुटबॉलसाठी द्या, तोही छोट्या मैदानावरच्या.

आपली बेने इस्रायली मंडळी, म्हणजे कोकणातून आलेले ज्यू, क्रिकेटवेडी, हे मला माहीत आहे. अश्दोद, दिमोना, बीरशेबा इथलं क्रिकेट आपल्याच लोकांनी जगवलं. मी फुटबॉलकडे वळले ते नातीमुळे. ती गोलकीपर आहे, त्यामुळे गोलाच्या मागे उभं राहून मॅच बघायची मला सवय लागली.

आधी तिकिटाचं बोलते. विमानाचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढा. ही स्पर्धा १९३२ साली तेल अवीवला सुरू झाली. दुसरी १९३५ला झाली, तेव्हा युरोपात ज्यूंसाठी हवा इतकी बिघडली होती की कितीतरी खेळाडू परत गेलेच नाहीत. बल्गेरियाचं तर अख्खं पथक इथेच राहिलं. १९३८ची रद्द झाली ती थेट १९५०ला भरली. पुढे दर चार वर्षांची घडी बसली, तीही कोविडमुळे एक वर्ष सरकली आणि २०२५ला इराणबरोबर युद्ध पेटल्यावर पुन्हा पुढे ढकलावी लागली. तेव्हा "मावशीने सांगितलं होतं" असं नंतर म्हणण्यापेक्षा आत्ताच चार पैसे जास्त गेलेले बरे.

आता मुद्द्याचं. पाहुणे एक चूक हमखास करतात. रोज वेगळा संघ, रोज वेगळा खेळ. सकाळी पोहणं, दुपारी टेबल टेनिस, संध्याकाळी फुटबॉलचा एक हाफ. असं केलंत तर हाती काही लागणार नाही. एक संघ निवडा आणि पहिल्या मॅचपासून शेवटपर्यंत त्याच्याच मागे लागा. कारण बाहेरून येणारे हे संघ म्हणजे एरवी एकमेकांशी न खेळणारी पोरं. एक कॉलेजच्या टीममधला, दुसरा कुठल्या शहरातल्या क्लबचा, तिसरा नोकरी सांभाळून रविवारी खेळणारा. एकत्र सराव म्हणाल तर थोड्या दिवसांचा. अशा अकरा जणांचा संघ तुमच्या डोळ्यांदेखत तयार होतो, आणि बघायचं ते हेच.

ते दिसतं कुठे? पहिल्या मॅचच्या पहिल्या कॉर्नरला. गोलाच्या मागे, जाळीपासून थोडं बाजूला उभ्या राहा. कीपर ओरडत असतो, पण नाव घेऊन नाही. "सात नंबर! सात! मागे!" सात नंबरवाला भलत्याच माणसाला धरून उभा असतो. दोघं बचाववाले एकाच बॉलवर उडी मारतात आणि डोक्याला डोकं आपटतं. मग कोण चुकलं यावर हातवारे. दोनतीन मॅचनंतर त्याच जागी उभ्या राहा. आता कीपर टोपणनावाने हाक मारतो, कधीकधी तर मारतही नाही, नुसता हात दाखवतो आणि माणूस सरकतो. हा फरक स्कोअरबोर्डवर कधीच दिसत नाही.

दुसरं बघायचं ते बाकावर. उन्हाळा कडक, मॅच लागोपाठ, विश्रांती कमी. शहाणा कोच, संघ गोलांनी पुढे असला की, आपले चांगले गडी लवकर बाहेर काढतो, आडमुठा कोच त्यांना शेवटपर्यंत पळवतो आणि पुढच्या मॅचला त्यांच्या पिंढऱ्या वळतात. संघ निवडताना कोचकडे बघूनच निवडा असं मी सांगते.

पुरुषांच्या खुल्या गटात कधी कधी भारी माणसं सापडतात. २००५च्या अमेरिकेच्या संघात जोनाथन बॉर्नस्टीन आणि बेनी फाइलहाबर होते. फायनलला इस्रायलकडून हरून रुपेरी पदक घेऊन गेले. दोनच वर्षांनी त्याच फाइलहाबरने गोल्ड कपच्या, म्हणजे उत्तर आणि मध्य अमेरिकेतल्या देशांच्या स्पर्धेच्या, फायनलमध्ये मेक्सिकोविरुद्ध विजयी गोल ठोकला. बॉर्नस्टीनने तर २००९ला पात्रता फेरीत कोस्टा रिकाविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी बरोबरीचा गोल केला आणि त्यामुळे कोस्टा रिकाऐवजी होंडुरास थेट विश्वचषकात पोचलं! म्हणून खेळाडूंची यादी जपून ठेवा, पुढे घरात फुशारकी मारायला उपयोगी पडते.

इस्रायलच्या संघात अरब मुलगा दिसला तर डोळे मोठे करू नका. बाहेरच्या देशांतून फक्त ज्यू खेळाडू येतात, पण इस्रायलकडून इथला कुठलाही नागरिक खेळू शकतो.

ज्युनिअर गट नक्की बघा. पस्तिशीपुढच्यांचा मास्टर्स गटही सोडू नका. तिथे पोटं सुटलेली असतात, पळणं कमी, पण पहिला पास असा नेमका पडतो की तरुणांनी शिकावं. रेफरीशी हुज्जतही तिथेच सगळ्यात रंगते.

वेळेचं गणित मात्र पाठ करा. शुक्रवारी दुपारनंतर बस आणि रेल्वे बंद होतात, त्या शनिवारी रात्रीपर्यंत. शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, स्पर्धाही थांबते. आपल्या तेल गाळणाऱ्या पूर्वजांना कोकणात शनवार तेली उगाच नाही म्हणत. शनिवारी घाणा बंद, तसा इथे बॉल बंद. तो दिवस नातेवाइकांकडे जेवायला ठेवा. पंचांगही बघून घ्या : २०२२ला स्पर्धेच्या मधोमध सतरा तम्मुझचा (तम्मुझ हा ज्यू पंचांगातला महिना) उपास आला होता. रिकाम्या पोटी त्या उन्हात कोणी मैदानावर जाऊ नये, मीही गेले नव्हते. बिरड्याचा रोजा, म्हणजे तिशा बआवचा मोठा उपास, त्या वर्षी ऑगस्टात गेला म्हणून वाचलो.

जुलैत इथे पावसाचा थेंब पडत नाही, तरी छत्री आणा, उन्हासाठी. किनाऱ्याकडे घामाच्या धारा लागतात, बीरशेबाकडे घाम जाणवतही नाही आणि डोकं मात्र गरगरायला लागतं. पाणी दोघांच्या हिशेबाने घ्या. सूर्य पावणेआठच्या सुमारास मावळतो, म्हणून संध्याकाळच्या मॅचला पश्चिमेकडे पाठ करून बसा, नाहीतर पहिला हाफ डोळ्यांवर हात धरूनच जाईल. गेटवर पिशवी तपासतात, डबा उघडून दाखवायची तयारी ठेवा. चपात्या बघून शिपाई हसतात, पण जाऊ देतात. शेजारी कोणी सूर्यफुलाच्या बिया फोडत बसला असेल तर तो तुमच्याही हातावर ओतेल, घ्या. अख्खं स्टँड "निवदाल!" ओरडलं की ऑफसाइड, "पेंडेल!" ओरडलं की त्यांना पेनल्टी हवी आहे. मिळेलच असं नाही.

बसचं राव-काव कार्ड विमानतळावरच करून घ्या. आणि निघायच्या आदल्या रात्री वेळापत्रक पुन्हा बघा, मैदान ऐनवेळी बदललेलं असू शकतं. बदललंच असेल तर मला फोन करा, लोदहून कुठली गाडी धरायची ते सांगते.